पत्रकातून गाळलेली ओळ

त्या थंडीत भेटेल त्याला एकच विनोद सुचत होता, आणि तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचलाय असं प्रत्येकाला वाटत होतं. रिक्षावाल्याने कानाभोवती मफलर आवळत विचारलं, "क्या बाजी, गरमी बढ़री बोले थे ना तुमे?" चहाच्या गाडीवरच्या काकांनी ग्लास पुढे करताना, तुला बर्फ घालूनच देऊ ना, अशी चौकशी केली. शेजारच्या वहिनींनी तर दारात येऊन स्वेटर मागितला. जगात आता स्वेटर लागणारच नसेल तर तुझा आम्हाला दे, म्हणाल्या. मी हसले नाही. मला हसता येत नाही अशा वेळी, आणि लोकांना तेच हवं असतं.

सोलापूरला थंडी नवी नाही, पण अशी नाही. आमच्याकडची थंडी पहाटे येते आणि नऊच्या आत आपली वाट धरते. त्या आठवड्यात ती बाराच्या उन्हातही सावलीला बसून राहिली. भटकी कुत्री नुकत्याच थांबलेल्या रिक्षांच्या इंजिनाला पाठ लावून झोपत होती. ज्या चादरी आम्ही वर्षानुवर्षं लग्नाकार्यात देण्यापुरत्या घेतो, पाहुण्यांना बांधून देतो, त्या लोकांनी घडी मोडून स्वतःच्या अंगावर घेतल्या. आणि चादर पांघरून बसलेला माणूस तापमानवाढीवर भाषण ऐकून घेत नाही, एवढं मला तेव्हा कळलं.

आम्ही चौघं होतो. संघटना वगैरे मोठा शब्द झाला, चौघंच. तीन वर्षं उन्हाळ्यात पत्र्याच्या खोल्यांतून फिरत होतो. दुपारी तीनला त्या खोल्यांत हात भिंतीला टेकवता येत नाही. तान्ही पोरं ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवलेली असतात. म्हातारी माणसं मोरीत बसून दिवस काढतात. त्यावर कुणाला विनोद सुचत नाही. सुचला तरी कुणी सांगत नाही. मात्र थंडीचा एक आठवडा पडला की सगळं शहर शास्त्रज्ञ होतं. चौकाच्या कोपऱ्यावर रोज सकाळी शेकोटी पेटायची आणि तिथे मला भूगोल शिकवलेले सर खुर्ची टाकून बसायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांचा वर्ग तिथेच भरतो. मी दिसले की ते चार माणसांसमोर म्हणायचे, "काय मग, पृथ्वी तापली का? ये, हात शेकून घे." हवा आणि हवामान यांतला फरक ज्या माणसाने मला फळ्यावर आकृती काढून शिकवला, तोच माणूस. मी एकदा त्यांना त्यांच्याच आकृतीची आठवण करून दिली. ते म्हणाले, ती परीक्षेपुरती होती. सगळे हसले. सर वाईट नाहीत. पण त्या दिवशी मी घरी येऊन भांडी फार आपटून घासली.

घरी मी एकटीच. आई-दादा पुण्याला भावाकडे राहायला गेल्यापासून दोन खोल्यांत मी आणि पत्रकांचे गठ्ठे. दादा म्हणजे माझे वडील. पत्रक लिहायला मी त्यांच्याकडून शिकले. महापालिकेच्या नोकरीतून सुटले की ते विहारात बसून पत्रकं लिहायचे. सभेची, वाचनालयाची, शाळेत पोरी घालण्याची, नळाची. त्यांचा एक नियम होता. पत्रक वाचणारा माणूस उभा असतो आणि त्याच्या हातात पिशवी असते. पिशवी खाली न ठेवता वाचून होईल एवढंच लिहायचं. एक कागद, एक गोष्ट. मी दहा वर्षांची असल्यापासून त्यांची वाक्यं मोठ्याने वाचायचे आणि कुठे दम लागतो ते सांगायचे. जिथे दम लागेल तिथे ते काट मारायचे.

दिवाळीनंतर मी जे पत्रक काढलं ते त्याच नियमाने. गुलाबी कागद, पाऊण पान. "सोलापूरची थंडी संपली. आता उरलं फक्त ऊन. तयारी आजच करा. सावली वाढवा, भिंती मोकळ्या करा, वारा आत येऊ द्या." माझ्या वहीत त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. मधूनच एखादी कडाक्याची थंडीही येईल, कारण ऋतूंचा भरवसाच राहिलेला नाही, तेव्हा दोन्हीची तयारी ठेवा. छापखान्यातला माणूस म्हणाला, ताई, एक तर अक्षर बारीक करावं लागेल किंवा एक ओळ कमी करा. मी ती ओळ मोठ्याने वाचून पाहिली. दम लागला. मी काट मारली. फार विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला उलट बरं वाटलं. पत्रक कसं टोकदार झालं होतं.

त्या टोकावरच लोकांनी मला धरलं. थंडी पडल्यावर कुणीतरी पत्रकाचा फोटो काढून फोनवर पाठवला, त्याला शेकोटीचं चित्र जोडून. तो फोटो दिवसभरात माझ्याकडे नऊ गटांतून परत आला. आमच्या चौघांतल्या एकाने आजारपणाचं कारण सांगितलं. दुसरीने अभ्यासाचं. तिसरा सरळ होता. त्याने सांगितलं की तुझ्याबरोबर उभं राहिलं की लोक मलाही हसतात. मी त्याला जा म्हणाले. तो गेला.

त्याच दिवसांत आणखी एक फोटो फिरायला लागला. मंद्रूपकडच्या शिवारात कडब्याच्या गंजीवर पांढरा थर, दंव गोठलेलं. मी एका नजरेत ठरवलं की हा खोटा आहे, महाबळेश्वरचा असणार. आणि तसं सगळ्या गटांवर लिहिलं. जरा जास्तच कडक भाषेत लिहिलं. अडाणी असा शब्द त्यात होता.

मंद्रूपला माझी आत्या राहते. दादांची मोठी बहीण. गावाबाहेर तिचं एकरभर रान आहे, त्यात तुतीची लागवड आणि कडेला रेशमाच्या किड्यांचं शेड. एकटी राहते, एकटीच करते. दर रविवारी ती मला फोन करायची. जेवलीस का, आणि मग नवं काय छापलंस. तो रविवार फोनशिवाय गेला. मला वाटलं थंडीने लवकर झोपली असेल. पण खरं सांगायचं तर मला तिच्याकडे जायला निमित्त हवं होतं. साऱ्या सोलापूर जिल्ह्यात माझ्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस उरलं होतं आणि मला त्याच्यासमोर जाऊन बसायचं होतं. बाजाराच्या दिवशी मी पहिली एसटी धरली. झोळीत नवीन पत्रकाचे गठ्ठे होते, "थंडीवर हसणाऱ्यांना" असं त्याचं नाव, आणि उरलेले जुने गुलाबीही. बाजारात उभी राहून एकेकाला सुनावणार होते.

आत्याला अक्षर आलं ते पत्रकांवर. तिला चौथीतून काढलं होतं. दादा शहरात शिकायला गेले आणि सुट्टीत येताना प्रत्येक वेळी एखादं पत्रक आणायचे, ते तिच्याकडून वाचून घ्यायचे. पुस्तक आमच्या घरात फार उशिरा आलं. त्याआधी पत्रक आलं, आणि जे पत्रकात आलं ते घडलं. शाळा आली, नळ आला, सभा झाली. म्हणून छापलेला कागद आत्या कधी टाकून देत नाही. तिच्या पत्र्याच्या पेटीत लुगड्यांखाली चाळीस वर्षांची पत्रकं आहेत. छापलेलं म्हणजे आपल्या माणसांनी आपल्याला कळवलेलं, असं ती धरून चालते. मला हे लहानपणापासून माहीत होतं. गोड वाटायचं.

फाट्यावर उतरून रानाकडे चालत गेले तेव्हा ऊन नुकतं फुटत होतं. पहिली दिसली ती कडब्याची गंज. तिच्या माथ्यावर पांढरा थर होता. मी बोट लावलं. कुरकुरला आणि बोटावर पाणी झालं. फोटो इथलाच असेल किंवा शेजारच्या रानातला, आता काय फरक पडत होता.

शेडच्या दाराला माझं गुलाबी पत्रक खळीने चिकटवलेलं होतं, अगदी सरळ, चारही कोपरे नीट दाबून. रोगराई आत जाऊ नये म्हणून दाराशी चुन्याची भुकटी पसरलेली असते, तिच्यात पाय घासून मी आत गेले. आणि आत आवाजच नव्हता. ज्याने रेशमाचं शेड ऐकलेलं नाही त्याला हे सांगून कळायचं नाही. हजारो किडे पाला खात असतात तेव्हा एक बारीक सरसर अखंड चालू असते, आपण बोलतो तेही तिच्यावरून बोलतो. त्या सकाळी मला माझ्याच चपलेचा आवाज ऐकू आला. मांडण्यांवर तुतीच्या फांद्या कालच्या तशाच हिरव्या पडल्या होत्या. किडे फांद्यांना चिकटून निपचित होते. आत्या एका मांडणीशी उभी होती, दोन्ही तळवे किड्यांवर वितभर अंतरावर धरून, जणू ऊब द्यायला.

उत्तरेच्या अंगाला नुसती हिरवी जाळी होती. तिथे दर हिवाळ्यात पोती शिवून केलेला जाड पडदा आणि त्यावर ताडपत्री असायची. मी विचारलं, पडदा कुठाय. ती म्हणाली, काढला की, तुझं पत्रक आलं तेव्हाच. ताडपत्री शेजाऱ्याला चारा झाकायला दिली होती, पोती उसवून धान्याला लावली होती. छपराचा एक पत्राही तिने उचलून घेतला होता, वारा खेळावा म्हणून. भिंती मोकळ्या करा, वारा आत येऊ द्या. तिने सगळं केलं होतं, ओळीने, मी लिहिलं तसं. आणि गावात सांगितलंही होतं. बाजारात, पिठाच्या गिरणीवर, सगळीकडे, की आता थंडी न्हाय, माझ्या भाचीनं छापलंय. चार दिवसांपासून गाव तिला विचारत होतं, भाचीला शाल धाडलीस का. हे मला नंतर गिरणीवाल्याकडून कळलं. ती स्वतः यातलं एक अक्षर बोलली नाही.

फोन का केला नाहीस, मी विचारलं. तर म्हणाली, तुला तिकडं कमी हसतात का लोक, त्यात माझं कशाला.

शेजाऱ्याने ताडपत्री तासाभराने पाठवतो म्हणून सांगितलं होतं आणि आदल्या दिवसापासून पाठवली नव्हती. पोती धान्यात अडकलेली. माझ्याकडे काय होतं, तर झोळीभर कागद आणि भिंतीला कागद चिकटवायची विद्या. आत्याच्या पेटीतून जुनी लुगडी काढली. छपराचा पत्रा परत खाली बसवला आणि लुगडी जाळीला ताणून बांधली. पण लुगड्यातून वारा येतोच, म्हणून मी चुलीवर पातेलंभर कणकेची खळ शिजवायला घेतली. कोळसे तिने बाहेर पेटवले आणि धूर जाऊन पुरते लाल झाल्यावर घमेल्यातून आत नेले, कारण धुराने किडा मरतो.  मी खळ ढवळत होते. ती घमेलं ठेवून बाहेर आली आणि माझ्या बाजूला उकिडवी बसली.

"तुमा शिकलेल्यांला ठावं नव्हतं का गं, मधीच आसं गारठतंय म्हून?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. शास्त्रज्ञांनाही नक्की सांगता येत नाही, असं काहीतरी. ती मान्य करून उठली असती. पातेल्याच्या तळाला खळ लागत होती, वास यायला लागला होता.

"ठाऊक होतं," मी म्हणाले. "लिहिलंही होतं. जागा पुरत नव्हती म्हणून ती ओळ काढली."

आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही. चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"ठावं असून काडलंस."

प्रश्न नव्हता तो. मी दादांचा नियम सांगायला सुरुवात केली, पिशवीचा, उभ्या माणसाचा. तिने अर्ध्यावरच पातेलं उचललं आणि शेडकडे निघाली. दुपार चढेपर्यंत आम्ही लुगड्यांवर कागद चिकटवले. आधी नवीन पत्रकं, मग जुनी, एकावर एक तीन थर. माझा हात या कामात बसलेला आहे, खळीचा एक फटकारा, कागद, वरून तळहात. एवढी पत्रकं मी आयुष्यात कधी एका भिंतीवर लावली नव्हती आणि एवढी उपयोगाचीही कधी लागली नव्हती. आतल्या बाजूला चारी रांगांत थंडी संपली, थंडी संपली. आत्या ते न वाचता फांद्या बदलत होती.

तिसऱ्या प्रहरी मधल्या मांडणीवरून आवाज सुरू झाला. आधी मला तो कागद सुकताना होणारा वाटला. मग आत्याने हात वर केला, गप म्हणून, मी तर गप्पच होते. किडे खात होते. सगळे नाही. उत्तरेच्या भिंतीजवळची मांडणी शेवटपर्यंत मुकी राहिली. ते किडे पुढच्या दोन दिवसांत पिवळे पडून मऊ झाले आणि आम्ही ते चुना टाकून खड्ड्यात पुरले. बाकीच्यांनी कोष विणले, उशिरा आणि पातळ. मी चार दिवस तिथे राहिले. ती मला जेवायला वाढत होती, अंगावर पांघरूण घालत होती, आणि कामाशिवाय एक शब्द बोलत नव्हती. घरातल्या माणसाचं असं गप्प राहणं मला शहराच्या हसण्यापेक्षा जड गेलं. त्यांना मी उत्तर देऊ शकत होते.

कारण हसणारे चूकच होते. ते मी आजही म्हणते, कुणासमोरही. आठ दिवस हुडहुडी भरली म्हणून पत्र्याच्या खोल्यांतला उन्हाळा खोटा होत नाही. ऋतू नासला की तो दोन्ही बाजूंनी नासतो, आणि हे न समजण्याइतके ते बाळबोध नाहीत, त्यांना समजून घ्यायचं नसतं. पण त्यांच्यापैकी कुणाचं काही बिघडलं नाही. माझ्यावर विश्वास न ठेवणारा प्रत्येक माणूस पडदे लावून उबेत बसला होता. गारठली ती एकटी, जिने मी लिहिलेलं खरं धरलं.

निघताना ती फाट्यापर्यंत आली. एसटी लांबून दिसायला लागल्यावर म्हणाली, "मी सावकाश वाचते. पन समदं वाचते. माझ्यासाठी आखूड करू नगंस."

मी सोलापूरला आले आणि सगळ्यात आधी त्या गटांवर लिहिलं की कडब्याचा फोटो खरा होता आणि अडाणी म्हणायला नको होतं. त्यावर लोक आणखी हसले. सरांनी मात्र शेकोटीवर त्या दिवशी काही विचारलं नाही. खुर्ची थोडी बाजूला सरकवली, बसायला जागा होईल एवढी. मी बसले नाही. बसले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर मी नवं पत्रक काढलं. दोन्ही बाजूंनी छापलेलं, बारीक अक्षर. काय नक्की माहीत आहे, काय माहीत नाही, ऊन किती वाढतंय, थंडी मधेच कशी घाला घालू शकते, शेडचा पडदा का काढू नये. दादांनी पुण्याहून फोन केला. म्हणाले, हे पत्रक नाही, हा धडा आहे, हे कोण वाचणार. बरोबर होतं त्यांचं. मी एकटीच बसस्टँडबाहेर उभी राहायचे. लोक घ्यायचे, पहिली ओळ बघायचे, लांबी बघायचे, आणि पुढच्या खांबापाशी कागद खाली पडलेला असायचा. संध्याकाळी मी तेच कागद उचलून, झटकून, पुन्हा झोळीत भरायचे.

मंद्रूपला बाजाराच्या दिवशीच गेले. आत्या बाजारातून परतत होती, रानाच्या वाटेवर गाठ पडली. हातात भाजीची जड पिशवी. शेडच्या उत्तरेला नवीन पोत्यांचा पडदा लावलेला दिसत होता, माझ्या सांगण्याची वाट न बघता. मी कागद पुढे केला. तिने घेतला, उलटा करून मागची बाजूही भरलेली आहे ना ते पाहिलं.

"यातनं काय काडलंयस?"

"काही नाही, आत्या."

 तिने पिशवी खाली ठेवली, कागद दोन्ही हातांत धरला आणि वरच्या ओळीपासून वाचायला लागली.